बारा पकडी

२७ नोव्हेंबर, बुधवार

संगणकावरचा देखभालीच्या कामांचा फलक सगळा हिरवा. वेंडेलने खोलीत बोलावून कौतुक केलं. म्हणे, व्यवस्थापक झाल्यापासून हिवाळी हंगामाच्या आधी असा फलक त्याने पाहिलाच नव्हता. मी हसले.

गेल्या वर्षी याच सुमाराला माझ्या टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग होता आणि आर्नी दर तासाला येऊन डोकं खात होता. यंदा सगळं मदतनिसाला सांगायचं. संगणकावर, गप्पा मारल्यासारखं. रेमीला उद्या तिसऱ्या खांबावर पाठव. चाकांना वंगण कोण घालतंय? काय राहिलंय? तो कामं वाटतो, आठवण करतो, झालेलं हिरवं करतो. माणूस नाही, हे मी हल्ली विसरते. परवा त्याला 'आभारी आहे' लिहिलं!

आर्नी ऑक्टोबरपासून घरीच आहे, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. या डोंगरावरचा रोपवे त्याने तीस हिवाळे सांभाळला. आता त्याच्या जागी रेमी. चांगला आहे रेमी. जरा घाबरट, पण या वर्षी तोही जीव तोडून करतोय. हंगाम नीट गेला तर जागा कायमची त्याची.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

सुरक्षेचा अहवाल मदतनिसाने चार मिनिटांत लिहून दिला. शेवटच्या पानावर 'हंगामापूर्वीची सर्व कामे निकाली', आणि खाली माझी सही.

वाचला का? वाचला. वरवर.

५ डिसेंबर, गुरुवार

दुपारी गाडीत बसून लिहितेय. आत जाववत नाही.

सकाळी आर्नीला फोन केला. शनिवारी रोपवे सुरू होतोय, कुबड्या घेऊन ये, कॉफी पाजते, एवढंच सांगायचं होतं. तो तुटकच बोलला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, माझ्या बारा पकडी कुणी तपासल्या?

मी म्हटलं, बघून सांगते.

पकड म्हणजे खुर्ची तारेला धरून ठेवणारा लोखंडी जबडा. एका खुर्चीला एक. खुर्चीवर चार माणसं, आणि खाली कुठे कुठे पाच मजल्यांएवढी दरी.

मदतनिसाला विचारलं. उत्तर तत्काळ आलं. जसंच्या तसं उतरवते —

'त्या बारा पकडींची तपासणी झाल्याची नोंद नाही. ३० ऑक्टोबरला आपल्या सूचनेवरून ती कामे बंद केली. आपली सूचना अशी होती: ज्या कामांना कुणी वाली नाही ती सगळी बंद करून टाक.'

आठवलं. त्या दिवशी फलकावर वर्षानुवर्षं रेंगाळलेली कामं होती, कुंपण रंगवा, जुनी पाटी काढा असली. कंटाळून मी ते लिहिलं होतं. आणि त्याच्या दोन दिवस आधी, आर्नी रजेवर म्हणून मीच त्याचं नाव फलकाच्या गटातून काढलं होतं. त्याच्या नावावरची कामं बेवारशी झाली. मग मीच बेवारशी कामं बंद करायला लावली. एकूण एक्केचाळीस. एकोणतीस कचरा. बारा पकडी.

आणि फलकावर बंद केलेलं हिरवं, झालेलंही हिरवं.

खाली त्याने विचारलं होतं: 'ही कामे पुन्हा उघडू का?'

उघडली की लाल. लाल झालं की वेंडेलला दिसणार, रेमीला दिसणार, आणि अहवालावर माझी सही. मी संगणकाचं झाकण लावलं आणि इथे येऊन बसले.

परवा सकाळी माणसं बसणार त्या खुर्च्यांवर.

तेच, थोड्या वेळाने

परत वर गेले. कामं उघडायला नाही. त्याला विचारलं, ३० तारखेचं माझं वाक्य पुसता येईल का? लिहायला लाज वाटते, पण हे विचारलं मी. म्हणाला, आपल्या पडद्यावरून काढता येईल, कंपनीच्या नोंदीतून नाही. काढू का?

नको म्हटलं. तो मला रागावला नाही, भ्याला नाही, काही नाही. मी काहीही सांगितलं असतं तरी त्याने तितक्याच नम्रपणे ऐकून घेतलं असतं.

६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी आर्नीच्या घरी गेले. गुडघ्यावर बर्फाची पिशवी, पाय स्टुलावर. बस म्हणाला नाही. मी सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच.

मला वाटलं पकडींचं बोलेल. तो म्हणाला, "माझं नाव काढलंस तू. मी रजेवर गेलो होतो, लोर्ना, मेलो नव्हतो."

त्याला एका सकाळी फलक दिसेनासा झाला होता. त्याला वाटलं, म्हातारा नको झालाय यांना. म्हणून महिनाभर त्याने आपणहून फोन केला नाही. नाहीतर पकडींचं तेव्हाच विचारलं असतं.

मग तो पकडींवर आला. ऑगस्टमध्ये नदीपलीकडच्या डोंगरावर या बारांच्याच घाण्यातल्या, म्हणजे त्याच वर्षी ओतलेल्या दोन पकडींना तडे सापडले होते. आपल्याकडे तशा बारा. डोळ्यांना काही दिसत नाही. रंग खरवडायचा, चुंबक लावायचं, वर लोखंडाची पूड भुरभुरायची, मग तडा असेल तर रेघ उमटते. दोन माणसांचं तीन दिवसांचं काम.

मी विचारलं, खुर्ची पडेलच असं आहे का? तो म्हणाला, मला माहीत नाही. तपासायचं ते त्याचसाठी असतं.

दुपारी वेंडेलकडे गेले. दार लावून सांगितलं. तो पांढरा पडला, मग खिडकीशी जाऊन उभा राहिला. खाली उद्याच्या गर्दीसाठी दोर बांधत होते. गावातली दोन्ही हॉटेलं भरलीयत, बसने शाळांची मुलं येणार आहेत. तो म्हणाला, सोमवारपासून शांतपणे तपासू. शनिवार-रविवार जाऊ दे. तीस वर्षं फिरतायत त्या, आणखी दोन दिवस फिरतील.

दार उघडताना अगदी हळू आवाजात म्हणाला, "अहवालावर सही कुणाची आहे, तेवढं लक्षात ठेव."

घरी नवऱ्याला, डेलला, काही सांगितलं नाही. तो डोंगरावरच्याच उपाहारगृहात स्वयंपाकी. उद्यासाठी बटाट्याची तीन पोती सोलून ठेवलीयत म्हणाला. हंगामाचा पहिला दिवस, किती खुशीत होता. जेवताना मला विचारलं, तुझा चेहरा असा का? थंडी, म्हटलं.

७ डिसेंबर, शनिवार, सकाळ

साडेनऊला सुरू होतोय. वारा आहे.

७ डिसेंबर, दुपार

क्रमाने लिहिते, नाहीतर सुचणार नाही.

नऊलाच खाली जाऊन उभी राहिले. सोमवारपर्यंत गप्प राहायचं असं ठरवून गेले होते, खरंच. साडेनऊला खुर्च्या फिरू लागल्या, माणसं बसू लागली. बारांचे नंबर माझ्या हातमोज्यातल्या कागदावर. पहिल्यांदा चौदा नंबर आली. दोन म्हाताऱ्या बसल्या. गेल्या. वर खांबावरून जाताना पकड खडखडते, नेहमीच खडखडते.

मग एकतीस आली. एक बाई आणि तीन मुलं, सगळ्यांत लहान चारेक वर्षांची. तिचे पाय खुर्चीच्या कडेलाही पोचत नव्हते. आई तिला म्हणत होती, घट्ट धर हं, खाली बघू नकोस. खुर्ची उचलली गेली.

मी दोराखालून वाकून रेमीच्या खोलीत शिरले. तो आज स्वतः चालवत होता. मी म्हटलं, "कुणाला बसवू नकोस. बंद कर."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि फाटक पाडलं. का म्हणून विचारलं नाही. बाहेर रांगेतून आरडाओरड सुरू झाली.

पण जी वर निघाली होती ती? त्यांना तारेवर लटकत ठेवता येत नाही. त्यांना वर पोचवायचं तर तार फिरवायलाच हवी. रेमीने वेग निम्म्यावर आणला. नऊ मिनिटं. आम्ही दोघं काचेला नाक लावून उभे. मला एकतीस दिसत होती, मग वळणावर दिसेनाशी झाली. रेमी काही पुटपुटत होता, फ्रेंचमध्ये, प्रार्थना असावी. नऊ मिनिटं म्हणजे किती, हे मला आज कळलं.

बिनतारीवर वरून आवाज आला: शेवटची माणसं उतरली.

मी खाली जमिनीवरच बसले. रेमी रडत होता.

तेवढ्यात वेंडेल धावत आला. काय बोलला ते लिहीत नाही. घरी जा म्हणाला, ओळखपत्र ठेवून जा.

८ डिसेंबर, रविवार

फोन नाही. दुकानात शेजारची बाई मला बघून दुसऱ्या ओळीत वळली. हॉटेलं रिकामी झाली, बस परत गेल्या. अख्खा गाव माझ्यावर.

डेलला काल सगळं सांगितलं. सोललेल्या बटाट्यांतले पोतंभर घरी घेऊन आला, ते चिरत राहिला. मग म्हणाला, मला शुक्रवारी सांगायला हवं होतंस. मी वर वाढत होतो, ती लेकरं माझ्यासमोरून खाऊन जातात, लोर्ना. एवढंच. परत बटाटे चिरायला लागला.

संध्याकाळी फक्त रेमीचा फोन. कशी आहेस, जेवलीस का. किती बरं वाटलं.

आणि पकडी चांगल्याच निघाल्या तर? बारापैकी बाराही? मग मी कोण? गावाचा हंगाम बुडवणारी बाई. आणि वाईट निघाल्या तर? दोन्हींची भीती वाटते. देवाजवळ काय मागावं तेही कळत नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

आर्नी कुबड्यांवर कार्यशाळेत गेला म्हणे. डॉक्टर नको म्हणत असताना. खुर्चीवर बसून रेमीकडून एकेक पकड खरवडून घेतली. आत्ता त्याचा फोन आला.

नऊ चांगल्या. तीन पकडींना तडे. एकीचा तडा निम्म्यापर्यंत गेलाय.

विचारलं नाही कुठली. त्यानेच सांगितलं. एकतीस.

बाथरूममध्ये जाऊन ओकले.

११ डिसेंबर, बुधवार

शेजारची बाई गरम सूप घेऊन दारात.

१२ डिसेंबर, गुरुवार

सरकारी तपासनीस बाई आल्यात. शांत आवाज, त्याचीच जास्त भीती वाटते. ऑक्टोबरपासूनचं मदतनिसाशी झालेलं सगळं बोलणं हवंय, गटातल्या प्रत्येकाचं, कागदावर, उद्या दुपारपर्यंत. त्यासाठी त्यांनी मला एका दिवसापुरतं आत घ्यायला लावलं. ते कसं काढायचं हे दुसऱ्या कुणाला माहीतच नाही!

म्हणजे माझं ते वाक्य मीच छापून द्यायचं. पुसता येईल का, हा प्रश्नसुद्धा. वकील बघ, डेल म्हणतो. तुरुंग होतो का अशाने? विचारायचं धाडस झालं नाही.

रेमी जिन्यात भेटला. मिठी मारली. म्हणाला, "काहीही झालं तरी मी तुझ्या बाजूने सांगेन."

१३ डिसेंबर, शुक्रवार

छापताना सापडलं. ३ डिसेंबर, मंगळवार. मला कळलं त्याच्या दोन दिवस आधी. विचारणारा रेमी.

'आर्नीच्या बारा पकडी झाल्या का?'

'नाही. कामे न करता बंद केली आहेत. पुन्हा उघडू का?'

'नको.'

अर्धा तास ते पान हातात धरून बसले. मग बाकीच्या पानांत, तारखेप्रमाणे त्याच्या जागी घातलं आणि गठ्ठा तपासनीस बाईंच्या हातात दिला.