हरणाऱ्या जोडीचं नाव

बाबा,

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तुम्ही अकोल्याहून माझ्याकडे अमरावतीला आलात आणि आठ दिवस राहिलात, त्या दिवसांबद्दल लिहायचं आहे. तोवर मी काय काम करतो हे तुम्हाला कळलं नव्हतं, आणि समजावून सांगायचा मी कंटाळा केला होता. तो कॉम्प्युटरवर आहे, एवढंच तुम्ही लोकांना सांगायचात. मी बंदुकांचा एक खेळ खेळता खेळता बोलायचो आणि लोक ते घरबसल्या थेट बघायचे. पहिली दोन वर्षं सगळ्यांसारखं हिंदीत बोललो, कुणी फिरकलं नाही. एकदा चिडून वऱ्हाडीवर आलो, हरणाऱ्याची यथेच्छ टिंगल केली, आणि माझं बस्तान बसलं. नोकरी सोडली तेव्हा तुम्ही महिनाभर बोलला नव्हतात.

ऑपरेशननंतर पडद्याकडे पाहायची मनाई होती, म्हणून काळा चष्मा लावून तुम्ही मागच्या खुर्चीत नुसते ऐकत बसायचात. तिसऱ्या दिवशी म्हणालात, "हरला त्याले हासून राहिला तू. त्याचं नाव-गाव काहून नाही घेत? तो बी खेळलाच ना." तीस हिवाळे तुम्ही शंकरपटाच्या माइकवर काढले होते. बैलांच्या दोन जोड्या सुटायच्या, निकाल लागायचा, आणि तुम्ही आधी हरणाऱ्या जोडीच्या मालकाचं नाव, घर आणि गाव पुकारायचात, जिंकणाऱ्याचं मागून. त्यामुळे हरलेला माणूसही फेटा नीट करून मैदानाबाहेर जायचा. मला राग आला, पण बघणाऱ्यांना यात गंमत वाटेल हेही लगेच लक्षात आलं.

चष्मा उतरला त्या दुपारी मी तुमच्यापुढे माइक ठेवतो. टेबलावर माझी एक यादी पडलेली आहे. नेहमी खेळायला येणाऱ्यांना टी-शर्ट पाठवायचे म्हणून त्यात त्यांची खेळातली टोपणनावं, खरी नावं आणि पत्ते आहेत. तुम्ही ती डोळ्यांजवळ धरता. खेळ रंगतो, शेवटी दोघं उरतात आणि त्यातला एक पडतो. पडद्यावरचं त्याचं टोपणनाव तुम्ही यादीत शोधता आणि तुमचा आवाज मोकळा सुटतो. धामणगाव रेल्वे गावच्या अमक्या घरची सूनबाई हरली, पण अशी लढली की गावानं मान वर करून चालावं. पत्त्यातलं सासऱ्यांचं नाव, तिचं नाव, काही राहू देत नाही तुम्ही.

सगळे तिला मुलगा समजत होते. घरचं आवरून दुपारी तासभर खेळायची, माइक कायम बंद. शर्ट पाठवा, पण नाव कुठं घेऊ नका, असं तिनं मला आधीच लिहिलं होतं. मी तुम्हाला ते सांगितलं नव्हतं. तुम्ही सासऱ्यांचं नाव घेतलंत तेव्हाच माझा हात माइकच्या बटणावर गेला होता. पण बघणाऱ्यांचा आकडा चढत होता, आणि मी तो बघत राहिलो.

त्या दिवशी मिळाले तेवढे लोक मला आधी कधी मिळाले नव्हते. त्या खेळाचा व्हिडिओ मी चॅनेलवर तसाच राहू दिला. तिचा मोबाइल दुसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या कपाटात गेला, हे तिच्या भावानं कळवलं. पुढे वर्षभर तुम्ही अकोल्याहून फोन केलात की विचारायचात, "ते धामणगावची पोरगी खेळते का अजून?" मी सांगायचो, खेळते, आता तर जिंकते. तुम्ही खूश व्हायचात. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यातही विचारलंत, आणि मी तेच सांगितलं.

मागच्या महिन्यात तिनं कुणाच्या तरी फोनवरून निरोप पाठवला. तुमचे बाबा गेल्याचं कळलं, त्यांच्याइतकं चांगलं माझ्याबद्दल या घरात कुणी बोललेलं नाही, असं लिहिलं होतं. आणि तो व्हिडिओ काढून टाकाल का, घरात भांडण झालं की अजून तोच लावून दाखवतात. मी लगेच उत्तर दिलं, आज काढतो.

काढलेला नाही. तुमचा आवाज दुसरीकडे कुठं उरला नाही, असं मी घरात सांगतो. ते खोटं आहे. मोठ्या काकांकडे तुमच्या आवाजातल्या शंकरपटाच्या तीन कॅसेटी आहेत, त्या मी कधी मागितल्याही नाहीत. नवीन लोक माझ्याकडे येतात ते अजूनही तोच व्हिडिओ बघून.