बॅटरीची तहान

६ एप्रिल २००५, बुधवार

इन्व्हर्टर आला! धर्मराजने पुण्याहून फोनवरच सगळं ठरवलं आणि मच्छिंद्र वायरमनने आज कूलरशेजारी बसवून दिला. खाली काळी बॅटरी, वर पांढरी पेटी, तिला एक हिरवा डोळा. लाइट गेली तरी एक पंखा आणि एक दिवा चालेल म्हणे.

चिरंजीवांची अटही आली – "आई, हा एक उन्हाळा बघू. एवढं करूनही जमलं नाही तर मंठ्याचं घर विकायचं आणि तू इकडे यायचं. मग कुरकुर नाही." कबूल केलं. सकाळी लाइट नाही, दुपारी बारा ते चार नाही, ऊन बेचाळीसच्या पुढे आणि मी सदुसष्ट वर्षांची एकटी. त्याच्या जागी मी असते तर हेच बोलले असते. पण मला जायचं नाही. हे फक्त इथे लिहिते.

१० एप्रिल

अख्खी दुपार पंखा चालला. मी नुसती बघत पडले.

१९ एप्रिल

आता गल्लीतल्या बायका दुपारी माझ्याकडेच गव्हले वळायला येतात. समोरच्या केशरबाई तर जेवण झालं की ताट विसळून थेट इथे. "वैनी, तुमच्याकडं बारमाही लाइट, कलेक्टराच्या बंगल्यावानी!" मालनबाईंचे गव्हले पंख्याने उडाले, केशरबाई म्हणाल्या, "उडू द्या, लेकीच्या गावाला जातील." हसता हसता कणीक वाळून गेली.

मला एकदम ते जुने दिवस आठवले. या घरात पहिल्यांदा लाइट आली तेव्हा यांनी भर दुपारी बल्ब लावून ठेवला होता. खिडक्या बंद केल्या, म्हणजे नीट दिसेल. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये पंख्याखाली वाढलेली मी – मला बल्बचं काय! पण मी बघत राहिले. बल्बकडे नाही, यांच्याकडे.

नंतर यांनी पुढे स्लॅबच्या दोन खोल्या काढल्या, पंखे लावले. मागची माळवदाची खोली तेव्हापासून अडगळीची झाली. आता तिथे शेवयांचे डबे आणि मोडकी खाट.

११ मे

आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमरस झाला. पितरांच्या नावाने पाण्याने भरलेली मातीची केळी दिली.

केशरबाईंनी कूलर भरला, आणि मी बघते तर बॅटरीला हळदकुंकू! "आज तान्हेल्याला पाणी द्यावं वैनी. ही बिचारी मुकी, दिवसभर राबून राह्यली." मला वाटलं, थट्टा करतात. मीही एक फूल ठेवलं. सिस्टर अ‍ॅग्नेसने बघितलं असतं तर गुडघ्यावर उभं केलं असतं.

१७ मे

इन्व्हर्टर मेला. हिरवा डोळा मिटला. मच्छिंद्रने बॅटरीची झाकणं उघडली आणि कपाळाला हात लावला. आत पांढरा थर, आपल्या कूलरच्या जाळीवर चढतो तसा. "मावशी, हिच्यात बोअरचं पाणी कोणी वतलं? हिला डिस्टिल वॉटर लागतंय. गेली ही. बिलकुल गेली."

तो गेल्यावर केशरबाई हळूच म्हणाल्या, "मीच वतत व्हते. कूलर भरला की हिलाबी तांब्याभर. टोपणं दिसली, वाटलं पाण्याचीच हायेत. आपण रोज रांजण भरतो, तुळस भरतो, मंग हिलाच का उपाशी ठेवायचं?"

काय रागवू? इथे उन्हाळ्यात सगळ्या गोष्टींना सकाळी पाणी द्यायचंच असतं. जीव लावून मारली बिचारीला.

पुढची खोली तव्यासारखी तापली. मी उशी घेऊन मागच्या खोलीत गेले. वर हातभर माती, भिंती जाड, दार लोटलं की अंधार. गार! मी हे विसरलेच होते.

२० मे

धर्मराज आला, न कळवता. मच्छिंद्रने फोन केला असणार.

"आई, बॅटरीत बोअरचं पाणी कोणी घातलं?"

केशरबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या, हातात माझ्यासाठी आणलेली ताकाची लोटी. त्यांचं तोंड उतरलं. मी म्हटलं, "मीच."

तो माझ्या शेजारी टेकला. मग म्हणाला, "त्यात अ‍ॅसिड असतं आई. अंगावर उडालं असतं म्हणजे? आता तुला एकटीला ठेवता यायचं नाही." ओरडला असता तर भांडले असते. तो प्रेमाने बोलला.

अट मीच कबूल केली होती. पाच जूनला न्यायला येणार.

२१ मे

दुपारी पुढे बसवेना, म्हणून धर्मराजला मागच्या खोलीत खाट टाकून दिली. म्हणाला, पाच मिनिटं पडतो. चहाच्या वेळी हलवून उठवलं. गालावर सुंभाचे वळ, लहानपणी उठायचे तसेच. "पंखा नव्हता ना गं?" नव्हता. त्याने भिंतीला हात लावून पाहिला. संध्याकाळच्या गाडीने गेला.

तो गेला आणि केशरबाई आल्या त्या भांडायलाच. "माझं नाव सांगायचं व्हतं ना! मला काय तो पुण्याला घेऊन गेला असता का?"

मी हसले. मग त्या रडल्या. मग मीही.

२६ मे

ट्रंक भरते आहे. यांचं घड्याळ, दोन पातळं, गव्हल्यांचा एक डबा. पुण्यात गव्हले कोण खातं? तरी ठेवला. घर बघायला अण्णासाहेब म्हणून कोणी आले होते. म्हणाले, मागची खोली पाडावी लागेल. मी त्यांना चहा दिला, साखर घालायची विसरले. मुद्दाम नव्हे. बहुतेक.

२९ मे, रविवार

सकाळीच सुनेचा फोन. शुभदाचा आवाज रडवेला. त्यांच्याकडेही दुपारची लाइट जायला लागली. लिफ्ट बंद, मोटार बंद, सहाव्या मजल्यावर पाणी नाही, दोन्ही मुलींच्या अंगावर घामोळं. "आई, हे म्हणाले, तुमच्या मागच्या खोलीत छान झोप लागते. शाळा उघडेपर्यंत आम्ही येऊ का?"

मी विचारलं, "आणि घराचं?"

"ते राहू द्या हो आता."

ट्रंकेतून गव्हल्यांचा डबा काढला. केशरबाईंना हाक मारली – अजून तीन खाटा लागतील.