आधीचं पुसलं जात नाही

६ जानेवारी, सोमवार
आली एकदाची! वैष्णवी. महागावची, वय तेवीस. दारव्ह्याच्या या लॅबचा प्रोग्राम चौदा वर्षं मी एकटा सांभाळतो, पण डॉक्टर मॅडमना ‘मदतीला कुणीतरी’ हवं होतं. मी कुठे मागितली मदत?

पहिल्याच दिवशी नाक खुपसलं. "धर्मपाल सर, एका पेशंटचं सेव्ह केलं की पुढच्याच्या फॉर्मात आधीच्याचंच सगळं दिसते. हे काहून पुसल्या जात नाही?"

म्हटलं, मुद्दाम ठेवलंय. तांड्यावर रक्ततपासणीचं शिबिर असलं की चाळीसच्या चाळीस राठोड. तांडा तोच, तालुका तोच. टाइप करणाऱ्या पुष्पाबाईंनी नुसतं नाव-वय बदलायचं. सोय आहे ती!

खरं इथेच लिहितो. मी काही ठेवलेलं नाही. प्रोग्राम ज्या पर्ल भाषेत लिहिलाय, तिचं ते तयार मॉड्यूल आपोआप जुनं धरून ठेवतं. तेव्हा तीन दिवस डोकं फोडलं, पुसता आलं नाही. मग ‘सोय’ म्हणून सांगितलं. मॅडमनी सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं.

७ जानेवारी
एका दिवसात केलं तिनं. फील्डला एक शब्द जोडायचा — ओव्हरराइड. म्हणजे जुनं विसर, मी देतो ते दाखव. एक शब्द! आणि वर शहाणपण असं की आडनाव, तांडा, तालुका राहू दिले. नाव, वय, रक्तगट तेवढे रिकामे.

मॅडम म्हणाल्या, "इतक्या वर्षांत हे कुणालाच कसं सुचलं नाही?" माझ्याकडे बघून. जेवण गेलं नाही.

८ जानेवारी
पुष्पाबाईंनी तिळाचे लाडू आणले. मला एक. तिला दोन!

१० जानेवारी, शुक्रवार
यवतमाळच्या नव्या लॅबचं काम तिला द्यायचं चाललंय. हे पुष्पाबाईंकडून कळलं, म्हणजे मला सांगायचीसुद्धा गरज वाटली नाही. जळफळाट होतोय, लिहायला लाज कसली? ते काम माझं होतं.

प्रोग्रामची माझी जुनी फाइल पेनड्राइव्हमध्ये आहे. परवा शिबिर आहे. फक्त एक दिवस.

१२ जानेवारी, रविवार
तांड्यावर सगळ्यांच्या आधी पोहोचलो आणि लॅपटॉपवर जुनी फाइल चढवली. दोन मिनिटांचं काम.

तिसऱ्याच पेशंटला पुष्पाबाई ओरडल्या, "पोरी, तुयं काम फुसकं निघालं व! पुन्हा जुनंच येऊन राह्यलं!" वैष्णवीचं तोंड एवढंसं झालं. मी मॅडमना ऐकू जाईल असं म्हटलं, घाईचं काम असंच असतं. वैष्णवी लॅपटॉपजवळ आली, काहीतरी पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मॅडम तिच्यावर चिडल्या.

बरं वाटलं. फार बरं वाटलं! संध्याकाळी तिची फाइल परत ठेवून दिली.

१३ जानेवारी
कालचं हाताने लिहिलेलं रजिस्टर लॅपटॉपशी जुळवत होतो. सत्ताविसावं नाव — जमनी राठोड, सातवा महिना. रक्तगटाचा रकाना कोरा, ‘पुन्हा तपासणे’ असं लिहिलेलं. कोरा होता म्हणून पुष्पाबाईंनी त्या फील्डला हात लावला नाही. तिथे सव्विसाव्या बाईचाच राहिला. बी पॉझिटिव्ह. तसंच कार्ड छापलं, तिच्या हातात दिलं.

आणि जमनी निगेटिव्ह असेल तर? निगेटिव्ह आईला गरोदरपणात एक इंजेक्शन द्यावं लागतं, कार्ड बघून तिला ते कुणी देणारच नाही. बाळावर बेतेल. वैष्णवीची फाइल असती तर तो रकाना कोरा राहिला असता आणि कुणीतरी विचारलं असतं.

मॅडमना सांगायला दोनदा दारापर्यंत गेलो. सांगायचं तर पेनड्राइव्हचंही सांगावं लागेल. परत फिरलो. माझी मलाच किळस येतेय.

१४ जानेवारी
संक्रांत. वैष्णवी दुपारपर्यंत गायब होती. आली ती धुळीनं माखून. न विचारता कुठे गेली म्हणून मॅडमनी तिला झापलं. तिनं नुसतं सॉरी म्हटलं. मला अजूनही गंमत वाटली! कसला माणूस आहे मी?

उद्या तांड्यावर जातो. आधी जमनीचं कार्ड, मग मॅडम.

१५ जानेवारी
जमनी अंगणात तूर पाखडत होती. कार्ड मागितलं तर नवंच दाखवलं. बी निगेटिव्ह. म्हणाली, "काल तुमची ते पोरगी सुईवालीले घेऊन आलती ना. पुन्हा रक्त घेतलं, जुनं कार्ड वापस नेलं. इंजेक्शनचं बी समजावून सांगतलं. म्हने, धर्मपाल सरनं पाठवलं."