शनिवारचा जावई

शनिवार, ८ जानेवारी १९३८

आज नाक्यावर पुन्हा छत्री उघडून दाखवावी लागली. तीच छत्री, तोच मी, तोच जमादार!

दर शनिवारी शाळा सुटली की धाडहून निघायचं. दोन मैलांवर हद्दीचा ओढा आणि निजामाचा जकातनाका, तिथून पुढे मैलभर पिंपळवाडी – म्हणजे सासुरवाडी. लग्न होऊन नऊ महिने झाले, बायको अजून माहेरी. चांदखाँ जमादारानं पिशवीत हात घातला. नवं लुगडं निघालं. त्यानं घडी मोडून उन्हात धरलं. "मास्तर, रंग चांगला हाये." बायकोच्या आधी लुगडं त्यानं पाहिलं!

सत्यभामेनं तर पाहिलंच नाही. पोटावर हात ठेवून म्हणाली, "वैशाखाच्या आत लेकरू येईन. त्याले काय सांगू? तुहा बाप शनिवारी येते?"

मी लुगड्याची मोडलेली घडी पुन्हा घातली.

रविवार, ९ जानेवारी

परत आलो. एकदा शांतपणे लिहून काढतो.

सत्यभामा इकडे येऊ शकत नाही. मामाजींची – सासऱ्यांची – नजर गेली आहे, ती त्यांची एकुलती एक, शेत तीच पाहते. मी वऱ्हाडात सरकारी मास्तर. पल्याड मोगलाईत मास्तरकी हवी तर मुलकी दाखला हवा, म्हणजे माणूस निजामाच्या मुलखातला असल्याचा कागद. तो मला कोण देणार? नोकरीशिवाय तिकडे जाऊन राहायचं म्हणजे घरजावई! आमच्या घराण्यात असं कोणी केलं नाही. शिवाय इथे आई एकटी. ती धाड सोडणार नाही.

म्हणजे दाखला. दाखल्याशिवाय वाट नाही.

बुधवार, १२ जानेवारी

हेडमास्तर पंजाबरावांना सगळ्या कायद्यांची माहिती असते. निदान तसा त्यांचा समज आहे. मधल्या सुट्टीत मला उभं करून सांगितलं – "सोपं आहे. तिकडे पंधरा वर्षं राहायचं. मग शपथेवर लिहून द्यायचं की, मायदेशी परतण्याचा विचार मी कायमचा सोडला."

मायदेश म्हणजे धाड! तीन मैल! आणि पंधरा वर्षांनी लेकरू मॅट्रिकला बसेल!

शनिवार, १५ जानेवारी

आईनं तिळगूळ दिला होता. जकात तिळावर धरायची की गुळावर, यावर जमादार विचारात पडला. दोन लाडू खाऊन पाहिले. ठरेना. आणखी दोन खाल्ले. सत्यभामेपर्यंत तीन पोचले.

शुक्रवार, २८ जानेवारी

मिशीला तेल लावलं. दुसरं काही ठरलं नाही.

गुरुवार, १० फेब्रुवारी

सापडली! वाट सापडली!

सकाळी चुलीपाशी बसून मी नेहमीचा पाढा वाचत होतो – मोगलाई अशी, मोगलाई तशी, माणसाला माणसात घेत नाहीत. आई भाकरी उलटता उलटता म्हणाली, "इतकं मोगलाई मोगलाई काऊन करतं बे? तुहा जलम तिकडचाच हाये. पहिलटकरीन मायेरीच जाते नं!"

मी पाटावरून उठलोच. खरंच की! आजोळी जन्मलो मी, त्याच ओढ्याच्या पल्याड! लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या तिथे काढल्या, बोरं खाल्ली, विहिरीत पोहलो. पण ते आजोळ होतं. दुसरं राज्य आहे असं कधी मनातसुद्धा आलं नाही.

मी जन्मानं मुलकी! आईच्या पाया पडलो. ती म्हणाली, "भाकर खाय."

मंगळवार, १५ फेब्रुवारी

रजा काढून त्यांच्या तालुक्याच्या कचेरीत गेलो. मिशी पिळून, कोट घालून. कारकून भला माणूस, सगळं ऐकून घेतलं.

"वडील कुठले?"

"धाडचे. वारले."

"मग तुम्ही धाडचे."

"अहो, पण जन्म इथला! माझी आई इथली!"

"मास्तर, जन्म कुठंही होऊ द्या. कागद बापाचं विचारते. मायचं कुठं विचारते?"

मग मला पाणी देऊन, समजूत घातल्यासारखं म्हणाला, "तुमी बाई असते तं काहीच भानगड नव्हती. नवरा मुलकी, की बायको आपोआप मुलकी!"

तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं जपलेली मिशी, आणि हा सांगतो बाई असते तर!

शनिवार, १९ फेब्रुवारी

चांदखाँला कचेरीची हकीगत सांगितली. आता त्याच्यापासून लपवायचं तरी काय राहिलं आहे? तो पोट धरून हसला. मग छत्री मिटून माझ्या हातात देत म्हणाला, "मास्तर, एक विचारू? घर तिकडं करा, शाळा इकडं करा. तीन मैल तं हाये. रोज जा, रोज या. कोनता कागद अडवते तुमाले?"

मी म्हणालो, "अरे, पण –"

नाका ओलांडला, लिंबाखाली बसून राहिलो. कोणता कागद अडवतो? एकही नाही! जाणाऱ्या-येणाऱ्याला तिथे कोणी अडवत नाही, फक्त पिशवी बघतात.

इथे दुसरं कोणी वाचत नाही, तेव्हा लिहूनच टाकतो. दाखल्याचं नुसतं निमित्त होतं. लोक घरजावई म्हणतील, याची मला भीती वाटते. सत्यभामेला हे कधीच कळलं असावं. म्हणून तर तिनं दाखल्याचं एकदाही विचारलं नाही.

पण आईचं काय? ते तर खरंच आहे ना?

शनिवार, ५ मार्च

सत्यभामेचे पाय सुजले आहेत. तरी हरभऱ्याच्या खळ्यावर उभी होती. मला बसायला घोंगडी टाकली, पाहुण्याला टाकतात तशी.

शुक्रवार, ११ मार्च

आज आईला म्हणालो, "तुझ्यासाठी अडलो आहे गं. तू काही धाड सोडायची नाहीस."

आई दळत होती. जातं थांबलं.

"कोन म्हनलं? तू इचारलं का मले?"

मी जात्याभोवती सांडलेलं पीठ गोळा करू लागलो.

"मी बारा वर्साची होती. पल्याडून बैलगाडीत घालून आनली. येतं का म्हून मले कोनं इचारलं होतं? कागद ना पत्तर! बेचाळीस वर्सं झाली. तुह्या जलमानंतर माय मेली, बाप मेला, तवा दोनदा गेली तेवढीच. अन् तुही दोन महिने झाले नुसती चर्चाच चालू हाये!"

बेचाळीस वर्षं! मी तीन मैलांसाठी पंजाबरावांना विचारलं, कारकुनाला विचारलं, जमादाराला विचारलं. जी खरोखर हा मुलूख बदलून आली, तिला विचारलं नाही. फार लाज वाटली. डोळ्यांत पाणी आलं ते पिठाच्या नावावर पुसलं.

"मग येशील?"

"आता लय उशिरा इचारलं," असं म्हणून तिनं जातं पुन्हा फिरवायला घेतलं. कितीतरी वेळ माझ्याकडे पाहिलं नाही.

शनिवार, १९ मार्च

आई अजून फुगलेलीच. सत्यभामाही कमी बोलते. चांदखाँनंसुद्धा आज छत्री बघितली नाही!

मंगळवार, २९ मार्च

सकाळची शाळा आटोपून घरी आलो तर दाराला कुलूप! रोजनिशी शाळेच्या पिशवीत असते म्हणून शेजारच्या सोजराबाईंच्या ओट्यावर बसून हे लिहितो आहे.

सोजराबाई म्हणाल्या, "तुही माय गेली पल्याड. सकाळी सांगावा आला, सूनबाईचं पोट दुखून राह्यलं. जातं बी घातलं गाडीत."

जातं! जातं कशाला?

"आणि चावी?" मी विचारलं.

"चाबी नाक्यावर जमादाराजवळ ठेवते, सांगजो त्याले, म्हने."

"नाक्यावर? तुमच्याकडे ठेवता आली नसती?"

"मी बी तेच म्हनलं. तं म्हने – तुह्याजवळ ठेवली तं तो घरात जाईन."

बुधवार, ३० मार्च

पिंपळवाडी.

मुलगी झाली. दोघी सुखरूप.

चांदखाँनं काल चावी पुढे केली होती. म्हणालो, "राहू द्या तुमच्याकडेच."

मी ओसरीत घोंगडीवर बसलो होतो. आतून आई ओरडली, "पाहुन्यावानी काऊन बसला बे? ऊठ, पानी तापव!"

पाणी तापवलं. आता शाळेला निघतो. आज बुधवार.