दाढेवरची फुंकर

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर तू लगेच ओळखशील आणि बहुतेक न उघडताच कुठेतरी कपाटावर टाकून देशील. टाक. चार वर्षं फोन न उचलणाऱ्या मुलीने आईचं पत्र हातोहात वाचावं, अशी माझी अपेक्षा नाही. फक्त फाडू नकोस. आत आणखी एक कागद आहे, माझ्या सहीचा, आणि तो तुझा आहे. त्याचं शेवटी सांगते. सरळ मुद्द्यावर यायला मला कधी जमलंय? हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

आधी बातम्या. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. काठी चुकीच्या हातात धरते आणि डॉक्टरांनाच शिकवते. तुझ्या खोलीत मी इस्त्रीचं टेबल ठेवलं होतं, दोन दिवसांनी परत बाहेर काढलं. आणि पंधरा दिवसांपूर्वी मी निवृत्त झाले. कॅन्टीनशेजारच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, आपल्या प्रयोगशाळेचे मोठे सर मुद्दाम आले होते, आता त्यांना ऐकू कमी येतं म्हणून जोरात बोलतात. माइकवर म्हणाले, "चौदा वर्षांत या बाईंच्या खोलीत एकच नमुना नासला, आणि तोही त्यांच्या हातून नव्हे." सगळे खाली बघायला लागले. मी हसले, भिंगरी. हात जोडून हसले.

तुझा तिथला पहिला दिवस आठवतो? पांढरा झगा, टोपी, हातमोजे एकावर एक दोन, तोंडाला मास्क, त्यावर काच. मी तर त्या खोलीत नाकाने कांदे सोलायची. अंगावरचा एक केस पडला तरी बोलणी खायची वेळ यायची, मग समोर पोटची पोर का असेना. गालाच्या आतून काडी फिरवून तुझाही नमुना घेतला, कारण त्या खोलीत पाय टाकणाऱ्या प्रत्येकाचा आईकडून आलेला डीएनए भिंतीवरच्या यादीत लागलेला असायचा. जुन्या हाडात आपल्यापैकी कुणी चुकून मिसळलं तर ओळखू यावं म्हणून. तुझी ओळ लागली तेव्हा आपले निकाल ताडणारे गणितबुवा संगणकावरून मान वर करून म्हणाले, "ही तर झेरॉक्स काढली की हो, बाई!" खरंच होतं. हा धागा आईकडून लेकीकडे जातो, त्यात बापाचं काही चालत नाही. तुझी न् माझी ओळ अक्षरन् अक्षर एक. मी दिवसभर फुशारकी मारत होते.

मग थोरली आली. नाव तूच ठेवलंस, नाहीतर कागदावर तिचा नुसता नंबर होता. गुहेत सापडलेली, नऊ हजार वर्षांपूर्वीची बाई. बाकी हाडांचा भुगा झालेला, धड अशी एकच दाढ. नदीच्या खालच्या अंगाला पुढच्या काळातल्या बायकांच्या कबरी होत्या, आणि त्या हिच्याच लेकी-नातींच्या पोटच्या की दुसरीकडून आलेल्या, एवढंच मोठ्या सरांना शोधायचं होतं. आठ वर्षं ते या दाढेची वाट बघत होते. तू तर तिच्याबद्दल घरात अशी बोलायचीस की जणू मावशीसारखीच कुणी पाहुणी येऊन राहिली आहे. एकदा भांडी पुसता पुसता म्हणालीस, "आई, हिची लेक हिच्याआधी गेली असेल का गं?" मी म्हटलं, गप्प बस, ताट नीट पूस.

निकाल आला तेव्हा दोन दिवस नुसता आनंदीआनंद होता. इतक्या जुन्या दाढेतून एवढा स्वच्छ डीएनए! गणितबुवा मात्र कपाळाला आठ्या घालून बसले होते. जुना डीएनए म्हणजे जीर्ण कापडासारखा, त्याचे बारीक बारीक तुकडे झालेले असतात आणि कडा झिजलेल्या. हे तुकडे लांबच लांब होते, कोरे करकरीत. त्यांनी भिंतीवरची यादी काढली आणि ताडून पाहिली. थोरलीच्या दाढेत थोरली नव्हतीच. तिथे आपली ओळ होती. दाढेचं मूळ दळून संपलं होतं, पुन्हा करायला चिमूटभरही पूड उरली नव्हती.

त्या ओळीत नावं दोन, आणि त्या आठवड्यात खोलीच्या वहीत सह्याही दोघींच्या. आईची की लेकीची हे त्या ओळीवरून सांगता येत नाही. मोठे सर तुझ्याकडे वळले. ओरडले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, "नवख्या हाताकडून होतं असं." मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. लहानपणी मला यायला उशीर झाला की शाळेच्या फाटकाशी दप्तर पायात ठेवून जशी उभी राहायचीस, आई येणारच अशा खात्रीने, तशी बघत राहिलीस. मग म्हणालीस, "माझ्याकडून झालं असेल, सर."

तुझ्याकडून झालं नव्हतं. त्या मंगळवारी दाढेच्या खाचेत मातीचा एक कण अडकला होता आणि ब्रशने काही केल्या निघत नव्हता. काचेवर वाफ धरली होती. मी काच वर केली, मास्क हनुवटीखाली ओढला आणि फुंकर मारली. बस्स, एवढंच. या खोलीत येण्याआधी सोळा वर्षं मी संग्रहालयाच्या कोठारात खापरांवरची धूळ फुंकत बसले होते. जित्याची खोड. तुझ्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालायचे तीच ही फुंकर. तेव्हाच हात वर करून सांगितलं असतं तर दाढ वरून खरवडून घेता आली असती, सगळं वाचलं असतं. पण जी दुसऱ्यांना केसावरून बोलते ती फुंकरीचं कुणाला सांगणार? मास्क वर घेतला आणि वळले, तर काचेच्या भिंतीपलीकडे तू नळ्यांचा ट्रे घेऊन उभी होतीस. चार वर्षं मी स्वतःला बजावत आले की तू काचेत स्वतःची टोपी नीट करत होतीस.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी किती वेळा सहज वापरली असेल. तुला कामावरून काढलं तेव्हा मनाशी म्हटलं, पोरगी तरुण आहे, तिला शंभर वाटा. माझं वय चोपन्न, मी कुठे जाऊ? पण आपलं क्षेत्र केवढंसं, सगळे एकमेकांना ओळखतात. तुला शंभरातली एकही वाट मिळाली नाही. मावशी सांगते, तू चष्म्याच्या दुकानात काचा घासतेस आणि तिथले मालक तुझ्या हाताचं फार कौतुक करतात.

आता ते, ज्यासाठी हे लिहायला घेतलं. सात आठवड्यांपूर्वी एका प्रयोगशाळेचं पत्र मला आलं. तू तिथे अर्ज केला होतास. जुन्या प्रकाराबद्दल त्यांनी तुला विचारलं, तर तू एवढंच लिहिलंस, की माझ्या आईला विचारा, तेव्हा त्या खोलीची प्रमुख तीच होती. पंधरा तारखेपर्यंत उत्तर हवं होतं. मी उभ्यानेच ते पत्र तीनदा वाचलं. त्याच दिवशी सगळं खरं खरं लिहून काढलं, खाली सही केली आणि खणात ठेवलं. माझा निरोप समारंभ वीस तारखेला होता. म्हटलं, तेवढा होऊ दे. एकवीसला सकाळी टपालात टाकलं. वरातीमागून घोडं. आज त्यांचं उत्तर आलं. जागा सोळा तारखेला भरली. उमेदवाराने ज्यांचं नाव दिलं त्यांच्याकडून काहीच कळलं नाही, म्हणून तिचा विचार करता आला नाही, आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत. तुलाही नकार आला असेल. आई विरुद्ध बोलली असेल, असं तुला वाटत असेल तर तसं नाही. आई गप्प बसली. दुसऱ्यांदा. सोबतचा कागद त्याच पत्राची प्रत आहे. त्याने गेलेली जागा मिळणार नाही, थोरली तर मिळणारच नाही. मोठ्या सरांनाही एक प्रत दिली. ते बराच वेळ वाचत बसले, मग त्यांनी मला जायला सांगितलं. मी माफी मागत नाही, तो हक्क मी पंधरा तारखेलाच घालवला. आज या प्रतीवर सही केली तेव्हा शाई ओली होती. वाळवायला मी ओठ पुढे केले आणि तशीच थांबले. आपोआप वाळेपर्यंत कागदापाशी बसून राहिले, आणि तेव्हा कुठे लक्षात आलं, की काचेपलीकडून तू सगळं पाहिलं होतंस, आणि तरी त्यांना माझंच नाव दिलंस.

तुझ्याच ओळीतली, तुझीच,
आई