बिनहाडाची कोंबडी

अंबरनाथ पूर्व,
४ जानेवारी २०२५

ती. तुळशीताईस,
धाकट्या अंजनीचा शि. सा. न. वि. वि.

घरात फोन असताना ही पत्रं कशाला लिहिते, असं तुला वाटेल. तुमचा फोन तुझ्या सुनेच्या हातात असतो आणि तिचं आमच्या किर्तीशी रोजचं बोलणं. म्हणून हे पाकीट अंडी न्यायला चामटोलीला येणाऱ्या राजूभाऊंकडे देते. उत्तरही त्यांच्याकडेच दे.

काल किर्ती आली होती. माझी धाकटी जाऊ, तीन वर्षांत पहिल्यांदा या दारात. तिची लेक राजसी आणि जावई गंधार अमेरिकेहून आलेत. ते लुईझियाना नावाच्या राज्यात राहतात. तिकडे केजन म्हणून स्वयंपाकाची एक तऱ्हा आहे. अख्ख्या कोंबडीची हाडं काढायची, आत भात, सॉसेज, कलेजी भरायची, शिवायची आणि भाजायची. गंधारला ती फार आवडते. एकोणीस तारखेच्या रविवारी बदलापूरला किर्तीच्या घरी त्याच्या आईवडिलांना आणि भाऊबंदांना जेवण आहे. किर्ती जावयासमोर बोलून बसली की मी तर ही कितीदा केलीय. हाडं काढणं तिच्या बापजन्मी जमलेलं नाही. म्हणून दोन कोंबड्या मी भरून द्यायच्या आणि माझं नाव कुठे निघू द्यायचं नाही.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते. एकदा कागदावर उतरवायचंय. हे गेल्यावर मी आणि किर्ती मिळून केटरिंग चालवत होतो. राजसीच्या हळदीला चाळीस माणसं आजारी पडली. किर्तीने भर मांडवात माझं पातेलं माझ्या पायाशी उपडं केलं आणि सांगितलं की या बाईच्या हाताला स्वच्छता नाही. आदल्या दिवसाचं मसाला लावलेलं चिकन तिनेच बाहेर विसरून ठेवलं होतं आणि तिनेच माझ्या पातेल्यात ढकललं. मोरीत तो रिकामा टोप मी पाहिला होता. कोणी ऐकून घेतलं नाही. चंदरभाऊजी, किर्तीचा नवरा आणि ह्यांचा सख्खा भाऊ, खाली मान घालून बसले. त्या दिवसापासून एकही ऑर्डर नाही. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात बसून धागे कापते.

ताई, मी हो म्हटलं. मला तुझ्या कोंबड्यांतल्या दोन कोवळ्या तलंगा हव्यात, कातडी न सोललेल्या. कातडी फाटली तर सगळं संपलं.

तुझी माया आहे तितकी पुरे, आणखी काही मागत नाही.
तुझी,
अंजनी


चामटोली,
८ जानेवारी २०२५

चि. अंजनीस,
ताईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पत्र चुलीपाशी वाचलं आणि भाकरी करपली. सून म्हणाली, आई, कुणाचं पत्र. मी म्हटलं, विम्यावाल्याचं.

तलंगा देते. बॉयलरची कातडी ओल्या कागदासारखी, सुरी लागली की गेली. माझ्या तलंगांची चिवट आहे, तुझ्यासारखी. अठराच्या शनिवारी सकाळी कापून, गरम पाण्यात बुडवून पिसं काढून राजूकडे देईन.

पण तू हो का म्हटलंस ते लिहिलं नाहीस, आणि मला त्याचीच भीती वाटते. लहानपणी आपल्या आत्याने तुझी बाहुली चुलीत घातली, तेव्हा तू रडली नाहीस. सहा दिवसांनी तिची नवी चप्पल विहिरीत सापडली. मी तुला ओळखते. त्या कोंबडीत काही घालायचं मनात असेल तर मला आत्ताच सांग, मी एक पीसही पाठवणार नाही. जो आळ घेऊन तिने तुला बसवलं, तो तूच खरा करून देऊ नकोस. त्या पंगतीत गंधारची म्हातारी माणसं असतील, पोरं असतील. सूड घ्यायचा तर घे, मी काही संत नाही. किर्तीची मान खाली गेलेली मलाही बघायचीय. पण ताटातून नको.

खरं काय ते लिही. तोवर ताईचा जीव टांगणीला आहे, एवढं ध्यानात ठेव.
तुळशी


अंबरनाथ,
१३ जानेवारी २०२५

ती. ताईस,
अंजनीचा शि. सा. न. वि. वि.

अन्नात काही घालणार नाही. तीन वर्षांत एकदा, फक्त एकदा मनात आलं होतं. तुझं पत्र वाचून शरम वाटली. ती खरं म्हणजे आधीच वाटायला हवी होती.

उलट माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली कोंबडी मी करणार आहे. शनिवारी सुटी झाल्यावर कॅम्प तीनच्या बाजारात गेले. मसाल्याच्या दुकानातल्या सिंधी शेठना थाइमचा वाळका पाला आणि पाप्रिका ही लाल मिरचीपूड मागितली, तर म्हणाले, अंजनीबेन, कितने साल बाद. त्यांनी ओळख ठेवली, याचंच मला रडू आलं. सेलरी नावाची कोथिंबिरीच्या थोरल्या बहिणीसारखी भाजी मिळाली. कांदा, ढोबळी मिरची आणि ही सेलरी, त्यांच्याकडे सगळ्याची सुरुवात या तिघांपासून होते. काल बाजारच्या दोन कोंबड्यांवर हात चालवून पाहिला. पाठीवर चीर द्यायची, सुरीचं टोक हाडाला लावून सरकवत न्यायचं, मग हाडांचा अख्खा पिंजरा हातात येतो. मांडीचं हाड काढताना दोनदा चुकले. तिसऱ्या वेळी बोटांना आठवलं. शिवायला कारखान्यातला दोरा चालत नाही, तो भट्टीत वितळतो. गोधडीचा सुती घेतलाय.

आता मुख्य गोष्ट. किर्तीचा परवा फोन आला. गंधारच्या आईला, प्रीतीताईंना, हाडं कशी काढतात ते डोळ्यांनी बघायचंय. तिकडे लोक दुकानातून तयार आणतात, घरी कोणी करत नाही. किर्तीने जोरात सांगून टाकलं, या, दाखवते. आणि मला म्हणते, तू दोन्ही तयारच दे, मी सांगेन की सकाळीच उरकलं.

ताई, मी एक तयार देणार आहे आणि दुसरी हाडांसकट.

ओरडायचं असेल तर राजूभाऊंच्या हाती ओरडा पाठव. नाहीतर तलंगा पाठव. माझ्यावरची माया मात्र त्यात अडकवू नकोस.
अंजनी


चामटोली,
१७ जानेवारी २०२५

चि. अंजनीस आशीर्वाद.

उद्या दोन तलंगा येतील. जास्त वजनाची हाडांसकट दे.
ताई


अंबरनाथ,
२० जानेवारी २०२५

ती. ताईस,
अंजनीचा शि. सा. न. वि. वि.

झालं ते सरळ लिहिते.

रविवारी पाव निघाल्यावर गल्लीतल्या बेकरीवाल्यांनी भट्टी दिली. पहिली कोंबडी बाहेर आली तेव्हा ते स्वतः बघायला उठले. कातडी तांब्यासारखी, कुठे भेग नाही. किर्तीने रिक्षावाल्या भूपेशला पाठवलं होतं. दोन डबे दिले. दुसऱ्यात तुझी कच्ची तलंग आणि वर चिठ्ठी ठेवली की ही तुझी, सगळ्यांसमोर कर.

एक वाजता फोन वाजायला लागला. नऊ वेळा वाजला. मी समोर बसून मोजलं आणि ताई, मला फार बरं वाटलं. तुझ्यापासून काय लपवू, इतकं बरं मला तीन वर्षांत वाटलं नव्हतं.

पावणेदोनला किर्तीच दारात. पैठणीवर रक्ताचे डाग, अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं. तिने सगळ्यांसमोर सुरी चालवून पाहिली होती, कोंबडीचे तुकडे झाले होते. पाहुण्यांना सांगून आलीय की लाइटच्या उजेडात नीट दिसत नाही, चष्मा घेऊन येते. चष्मा तिच्या डोक्यावरच होता. मी तिला आत बोलावलं नाही. ती म्हणाली, वहिनी, पाया पडते. मी म्हटलं, पायांचं काम नाही, तोंडाचं आहे. हळदीच्या दिवशी जे केलंस ते आज त्या पाहुण्यांसमोर सांग, मी येते. ती उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, माझ्या लेकीच्या सासरच्यांसमोर मला नागडं करतेस. मी म्हटलं, हो.

माझ्याकडे शनिवारी सरावासाठी आणलेली आणखी एक कोंबडी होती. ती घेऊन निघाले. बदलापूरला पोचून हात धुतले, सगळ्यांसमोर ओट्यापाशी उभी राहिले. अठरा मिनिटं लागली. गंधारने मोबाइल धरला होता. पिंजरा निघाला तेव्हा प्रीतीताईंच्या तोंडून अगंबाई निघालं आणि त्यांनी विचारलं, तुम्ही कोण. मी सुरी खाली ठेवली आणि किर्तीकडे पाहिलं.

तिने सांगितलं. तुटक, पण सगळं सांगितलं. तो टोप, ते चिकन, माझ्या पायाशी उपडं केलेलं पातेलं. चंदरभाऊजी या वेळीही खाली मान घालून होते. किर्ती शेवटी म्हणाली, वहिनी, आता जेवून जा. मी त्या घरचं पाणीही प्यायले नाही. पदराला हात पुसले आणि निघाले.

जिन्यात राजसीने गाठलं. जिला मी अंगाखांद्यावर खेळवलं ती राजसी. रडत म्हणाली, मोठीआई, मला माहीत होतं. हळदीच्या सकाळी मी चहाला आत आले तेव्हा आईला ते चिकन मिसळताना पाहिलं, वास पण आला होता. आईने गप्प बस म्हटलं आणि मी बसले.

ताई, किर्तीचं मला लागलं नाही इतकं हे लागलं. माझी सगळी तयारी भलत्याच माणसासाठी झाली असं वाटलं. मी तिला म्हटलं, तुझ्या आईने आज सगळ्यांसमोर सांगितलं. तू मला जिन्यात सांगतेस.

मी खाली उतरले.

सूड मिळाला, पण आज दिवसभर धागे कापताना तीच पोर डोळ्यांसमोर होती. ओरड मला किंवा कुशीत घे, काय जमेल ते कर.
तुझी,
अंजनी


चामटोली,
२५ जानेवारी २०२५

चि. अंजनीस,
ताईचे आशीर्वाद. वि. वि.

काल राजसी आणि गंधार इथे येऊन गेले. तू उतरून गेलीस तशी ती वर गेली आणि ताटं वाढलेली असताना सासूसासऱ्यांसमोर बोलली की मलाही ठाऊक होतं. गंधार दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. आता बोलतो. पुढच्या महिन्यात ते परत जातील. त्याआधी तुझ्याकडे येऊ का, असं माझ्याकरवी विचारत होती. मी म्हटलं, तुझ्या तोंडाने विचार, मी काही टपाल नाही.

प्रीतीताईंनी त्यांच्या पुतणीच्या साखरपुड्यासाठी तुझा पत्ता नेलाय. किर्तीला माफ करायला मी सांगणार नाही. मलाही जमलं नसतं. पोरीचं तू बघ.

अंगावर काढू नकोस, जेवत जा. एवढंच मागणं.
तुळशी


अंबरनाथ,
८ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस शि. सा. न.

घाईत दोन ओळी. साखरपुड्याची ऑर्डर उद्याची, रविवारची, एकशे वीस ताटं. राजसी आज सकाळी आली. दारातच उभं राहून काहीतरी बोलायला लागली. मी ऐकून घेतलं नाही. आत घेतलं, पाट दिला आणि कांदे चिरायला बसवलं.

बारा किलो आहेत.

तुझी,
अंजनी