झाकण उघडं ठेवा

वडनेर, ३ ऑगस्ट २०२५

चि. नागसेन यास मामाचा सप्रेम जय भीम.

घशाच्या ऑपरेशननंतर फोनवर मी मुका, म्हणून हे पत्र. तू दिलेल्या लॅपटॉपवर टाइप केलं की तो माझ्यासाठी बोलतो. तुझं ते लिनक्स झकास आहे, पण रोज सकाळी बॅटरी शून्य! बोलणं झालं की मी झाकण लावतो आणि तुझी मामी रात्री भिंतीवरचं चार्जिंगचं बटण बंद करते. सकाळी मी पुन्हा मुका. मामी म्हणते, मले असाच नवरा पायजे होता.

थट्टा पुरे. चोवीस तारखेला आपल्या काजलचं साक्षगंध, म्हणजे तुमच्या पुण्याचा साखरपुडा, आहे. मुलगा चांगला आहे, पण त्याचे वडील, रोहण्याचे चंद्रभानजी, म्हणतात लग्न दिवाळी झाली की लगेच, नर्सिंगचं मग पाहू. पोरगी फक्त माझ्याजवळ रडली. मी पाटीवर लिहून दाखवतो, ते वाचायला कोणाला सवड नाही. बैठकीत कानावर पडेल तेच बापाचं म्हणणं धरतात. मला भीती वाटते रे. काहीतरी कर.

मामाला विसरू नकोस.
नानाजी


पुणे, १० ऑगस्ट २०२५

ती. मामाजींस सविनय जय भीम.

पत्र वाचून आधी हसलो, मग हसू गेलं. झाकण लावलं की आपला लॅपटॉप नुसता डोळे मिटून पडतो, झोपत नाही. रात्रभर बॅटरी पीत राहतो. सोबतच्या कागदावरची ओळ काजलला टाकू द्या. सध्या 'एसटूआयडल', म्हणजे अर्धवट झोप, या शब्दाभोवती कंस दिसेल. बंद करून चालू केला की कंस 'डीप'भोवती आला पाहिजे. मग तो गाढ झोपेल. बटण मामी खुशाल बंद करो. तिची सवय मोडणं आपल्या बापाच्यानं होणार नाही.

मला सुट्टी नाही, याचं फार वाईट वाटतं. काजलला म्हणावं, धीर सोडू नको.

माया आटू देऊ नका.
आपला नागसेन


वडनेर, २६ ऑगस्ट २०२५

चि. नागसेन यास जय भीम.

कंस जागेवर आला, सकाळी बॅटरी भरलेली. मी खूश. पाहुणे आले तसं मानानं झाकण लावलं. चंद्रभानजींनी विचारलं, दिवाळीनंतरचं पक्कं समजावं का जी. मी झाकण उघडलं. पडदा काळा! तू त्याला गाढ झोपवलंस, पण नेमका त्या वेळी तो उठेचना. मी बटणं बडवत राहिलो. माझं गप्प राहणं होकार धरून साखर वाटली, पंगत बसली.

काजलने लॅपटॉप आत नेला, बटण दाबून धरून बंद केला, पुन्हा चालू केला. मी आवाज पूर्ण वाढवून टाइप केलं. भात वाढणं चालू असताना तो गरजला, की काजलचं शिक्षण झाल्याशिवाय लग्न नाही.

चंद्रभानजींनी ताटातला हात काढून घेतला. तारीख न ठरवताच ते गेले. अजून निरोप नाही. मामी माझ्याशी बोलत नाही. शेजारच्या कमलाबाईला म्हणाली, मुका होता तेच बरं होतं. ते मला फार लागलं. मी केलं ते बरोबर की चूक, कळत नाही.

काजल आज सकाळी हिंगणघाटच्या गाडीने कॉलेजला गेली. जाण्याआधी तिने लॅपटॉपचं झोपणंच बंद करून टाकलं, वायर लावली आणि झाकण उघडं ठेवून गेली. आता दिवे मालवताना तुझ्या मामीने भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला, आणि तसाच मागे घेतला.

आहे तशी ओढ राहू दे.
तुझा मामा,
नानाजी